वयाशी छत्तीसचा आकडा

तिशी ओलांडली की फिटनेसचा ग्राफ खाली, असं सगळेच सांगतात. मग पन्नाशीत बर्फावर हॉकी खेळणारे आणि छत्तिसाव्या वर्षी ऑलिंपिकला जाणारे कोणत्या चक्कीचं पीठ खातात? काळेवाडी ते खडकी व्हाया टोरोंटो, एका दमलेल्या हाफबॅकनं केलेली चौकशी...

''काका, तुम्ही बसा जरा. पाणी प्या.''

हे वाक्य ज्यानं उच्चारलं तो एकोणीस वर्षांचा आहे. कानात बाळी, डोक्यावर तिरका कट, आणि पायांत बहुतेक स्प्रिंगा. रविवारची सकाळ, खडकीचं मातीचं मैदान, आणि मी दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून फुप्फुसं तोंडातून बाहेर येतात की काय या विचारात उभा. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता हो, काळजी होती. तेच जास्त लागलं. तोपर्यंत मी स्वतःला 'दादा' कॅटेगरीत धरून चाललो होतो!

प्रसंग होता बीप टेस्टचा. माहीत नसेल तर सांगतो. वीस मीटर अंतरावर दोन रेघा मारायच्या. मोबाइलवर 'टुंग' वाजलं की एका रेघेकडून दुसरीकडे पळायचं, पुढचं टुंग वाजायच्या आत तिथं पोचायचं आणि लगेच वळायचं. सुरुवातीचा वेग ताशी साडेआठ किलोमीटर, म्हणजे पीएमपीची बस चुकतेय असं वाटल्यावर आपण पळतो तेवढा. मग दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरनं वेग वाढतो. पहिली चार मिनिटं सगळे एकमेकांशी गप्पा मारत पळतात. सहाव्या मिनिटाला गप्पा थांबतात. मी सातव्या लेव्हलला थांबलो. बाळीवाला अकरावीच्या पुढं गेला आणि वर आल्यावर मला पाणी देण्याइतका त्याचा श्वास शिल्लक होता.

आमची टीम म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. खडकी-दापोडी-पिंपरीकडची पोरं, काही नोकरीवाले, दोन रिटायर्ड. पण जानेवारीत एक टुर्नामेंट होती आणि अकरा जणांत कोण हे त्या टेस्टवर ठरणार होतं. लेफ्ट हाफची जागा सहा वर्षं माझी होती. टेस्ट संपल्यावर सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ''तुझं बघू आपण.'' ऑफिसात अप्रेझलच्या वेळी मॅनेजर हेच वाक्य बोलला की काय समजायचं हे तुम्हाला माहीतच आहे.

रिपोर्ट आला हाती

याच आठवड्यात कंपनीतल्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ६.१. साडेसहापासून पुढं डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, ''घरात कुणाला?'' मी म्हटलं, बाबांना.

बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. ते राइट-इन खेळायचे आणि, त्यांच्या जुन्या मित्रांवर विश्वास ठेवायचा तर, बरे खेळायचे. चौतिसाव्या वर्षी स्टिक माळ्यावर टाकली. घर, शिफ्ट, आम्ही दोघं भावंडं. ''आता काय पोरांबरोबर पळायचं?'' असं म्हणाले म्हणे. चव्वेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. या दोन गोष्टींचा संबंध मी आजवर कधी लावला नव्हता. त्या दिवशी हिंजवडीहून परत येताना काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला पंधरा मिनिटं अडकलो तेव्हा लावला.

माझं वय छत्तीस. देवनागरीत लिहून बघा: ३६. तीन आणि सहा एकमेकांकडं पाठ फिरवून बसलेत. 'छत्तीसचा आकडा' ही म्हण बहुतेक याच वयाला सुचली असणार! एकीकडं शरीर, दुसरीकडं हौस, आणि दोघांचं बोलणं बंद.

बर्फावरचे म्हातारे

त्याच रात्री मावसभावाचा फोन आला. तो टोरोंटोजवळ मिसिसागाला असतो, वय एक्केचाळीस. मुलाला आइस हॉकी शिकवायला रिंकवर न्यायचा, तर स्वतःच बूट बांधून उतरला. पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्केट्स घातले आणि सहा महिने नुसता बसकण मारत होता. आता रविवारी रात्री साडेदहाला मोठ्यांच्या लीगमध्ये खेळतो. ''अरे, आमच्या टीमचा बॅक त्रेपन्न वर्षांचा आहे,'' तो म्हणाला. ''आणि तू छत्तिशीत रडतोस?''

आता काळेवाडीत बर्फ दोनच ठिकाणी भेटतो, रसवंतीत आणि मासळीवाल्याकडं. त्यामुळं आइस हॉकी म्हणजे आपल्यासाठी अमेरिकन सिनेमातली मारामारी. पण त्या फोननंतर मी रात्री दीडपर्यंत वाचत बसलो, आणि काय सांगू मंडळी, सॉलिड माणसं आहेत ही!

गॉर्डी हाऊ घ्या. जन्म १९२८. एनएचएल ही त्या खेळातली जगातली सगळ्यात मोठी लीग, तिच्यात हा १९४६ साली उतरला. १९७१ मध्ये रिटायर झाला, १९७३ मध्ये दुसऱ्या एका लीगमध्ये स्वतःच्या दोन मुलांबरोबर खेळायला परत आला, आणि १९७९-८० च्या सीझनमध्ये पुन्हा एनएचएलमध्ये सगळेच्या सगळे ८० सामने खेळला. त्या सीझनमध्ये त्याची बावन्न वर्षं पूर्ण झाली. गोल किती? पंधरा!

झेक प्रजासत्ताकाचा यारोमिर यागर १९७२ चा. बेचाळिसाव्या वर्षी त्यानं एनएचएलमध्ये हॅट्ट्रिक केली. २०१८ ला तिथून बाहेर पडला आणि मायदेशी क्लाद्नो या आपल्याच क्लबकडून पन्नाशी उलटल्यावरही खेळत राहिला. क्लबचा मालक तोच होता, त्यामुळं टीममधून काढणार कोण, असा तुमच्यासारखाच संशय मलाही आला. पण पक तर मालकाला ओळखत नाही ना! फिनलंडच्या टीमू सेलान्नेनं २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी ब्राँझच्या मॅचमध्ये दोन गोल मारले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्रिस चेलिऑस अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत एनएचएलमध्ये होता. तो म्हणे सौनामध्ये व्यायामाची सायकल नेऊन चालवायचा. (हे घरी करू नका. मेमधल्या दुपारी काळेवाडीच्या गच्चीवर स्कूटर पुसणं हाच आपला सौना.)

हे वाचून छाती फुगते. माझीही फुगली. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी डोकं ठिकाणावर आलं. ही चार नावं आहेत. त्यांच्या बरोबरीनं सुरुवात केलेली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी घरी गेलेली हजारो नावं कुठं आहेत?

कर्व्ह काय सांगतो

यावर रीतसर अभ्यास झालेत. एनएचएलच्या खेळाडूंच्या कामगिरीवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे फॉरवर्डचा कळस सत्तावीस-अठ्ठावीसच्या दरम्यान येतो, बचाव करणाऱ्यांचा अठ्ठावीस-एकोणतीसच्या. म्हणजे माझा कळस, असलाच तर, लग्नाच्या सीझनमध्ये पार पडला. पण त्याच अभ्यासात पुढं एक मजेची गोष्ट आहे. कळसाच्या नव्वद टक्क्यांच्या आत फॉरवर्ड साधारण चोवीस ते बत्तीस या वयात राहतात, आणि डिफेन्सवाले चोवीस ते चौतीस. आणि गोलकीपर? त्याच्या कामगिरीत बराच काळ वयानं फारसा फरकच दिसत नाही.

म्हणजे 'वय झालं' हे वाक्य मैदानावर सगळ्यांना एकाच दिवशी लागू होत नाही. तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ते ठरतं.

असं का, याचं उत्तर शरीराच्या हिशेबात आहे. आइस हॉकीत खेळाडू एका वेळी बर्फावर असतो जेमतेम पाऊण मिनिट. त्यांच्या भाषेत 'शिफ्ट'. आपल्यासारखी नऊ तासांची नाही. त्या पंचेचाळीस सेकंदांत जीव तोडून पळायचं, धडका द्यायच्या, थांबायचं, वळायचं, आणि मग बाकावर येऊन दोन-तीन मिनिटं श्वास गोळा करायचा. साठ मिनिटांच्या मॅचमध्ये हे वीस-पंचवीस वेळा. म्हणून या खेळात दोन इंजिनं लागतात. एक झटक्याचं, स्नायूंतल्या जलद तंतूंवर चालणारं. दुसरं दमाचं, जे बाकावरच्या दोन मिनिटांत पहिल्याची टाकी भरतं. एनएचएलच्या निवडीआधी अठरा वर्षांच्या पोरांची जी चाचणी होते तिच्यात दोन्ही तपासतात. तीस सेकंद सायकल जीव खाऊन मारायची, आणि शिवाय मास्क लावून शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजायचं.

हा ऑक्सिजनचा आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स. तुमच्या मनगटावरचं घड्याळही आजकाल अंदाजे सांगतं. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर, असं त्याचं माप. एनएचएलवाल्यांचा साधारण पन्नास ते साठच्या मधे असतो. बर्फावर लांब अंतर कापणाऱ्या स्कीवाल्यांमध्ये ऐंशीच्या वर जाणारेही आहेत. तिशीनंतर बसून काम करणाऱ्या माणसाचा हा आकडा दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घसरतो. जे जोरदार सराव चालू ठेवतात त्यांची घसरण जवळजवळ निम्म्यावर येते. निम्म्यावर, शून्यावर नाही. कारण हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा सराव करा नाहीतर नका करू, खाली येतच राहते. जिमच्या भिंतीवर २२० वजा वय असं सूत्र लिहिलेलं असतं ना? ते ढोबळ आहे. २००१ मध्ये आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र जास्त विश्वासाचं मानतात. माझे होतात १८३. बाळीवाल्याचे १९५. मिनिटाला बारा ठोके त्याच्या बाजूनं, टॉस व्हायच्या आधीच!

स्नायूंचंही तसंच. तिशीनंतर हळूहळू वस्तुमान कमी होतं आणि त्यात झटक्याचे तंतू आधी झिजतात. म्हणून माझं पहिल्या पाच मीटरचं स्टार्ट गेलंय, पण वडगाव मावळपर्यंत सायकल मारायला सांगा, मारीन.

एक मेख मात्र लक्षात ठेवायला हवी. एखाद्या टॉपच्या टीममध्ये जाऊन बावीस वर्षांच्या आणि चौतीस वर्षांच्या खेळाडूंची चाचणी घेतली तर फरक फारसा दिसत नाही, असं होऊ शकतं. लगेच निष्कर्ष, वय म्हणजे नुसता आकडा! अहो, पण चौतिशीतले जे ढेपाळले ते त्या दिवशी चाचणीला नव्हतेच ना. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट केव्हाच संपलं. उरलेत ते गाळणीतून राहिलेले. गाळणीतल्या पावडरीकडं बघून चहाचा अंदाज करायचा नसतो. फिटनेसच्या पानांवर जे 'पन्नाशीतही पंचविशी' छाप लेख येतात ते वाचताना मी आता ही गाळणी आठवतो.

आमच्या खडकीचा माणूस

आता बर्फावरून मातीवर. कारण वय आणि फिटनेस या विषयावर आपल्याकडं एक चालतंबोलतं उदाहरण आहे, आणि ते माझ्या लहानपणीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वाढलं.

धनराज पिल्ले. जन्म १६ जुलै १९६८, खडकी. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे. तमिळ कुटुंब, पण धनराजची मराठी ऐकाल तर आपला वाटेल. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन भावांबरोबर फॅक्टरीच्या मैदानावर खेळणारा हा पोरगा पुढं मुंबईला भावाकडं गेला आणि डिसेंबर १९८९ मध्ये भारताकडून पहिली मॅच खेळला. मी १९८९ चा. म्हणजे माझं वय आणि त्याचं इंटरनॅशनल करिअर एकाच वर्षी सुरू झालं. फरक एवढाच, की त्याचं ऑगस्ट २००४ ला, अथेन्स ऑलिंपिकमध्ये संपलं. ३३९ सामने. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड.

आणि अथेन्सला गेला तेव्हा त्याचं वय किती? छत्तीस.

१९९८ च्या बँकॉक एशियाडचं मला अंधुक आठवतं. नऊ वर्षांचा होतो. कोरियाविरुद्धची फायनल पेनल्टी स्ट्रोकवर गेली आणि बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक आलं. कॅप्टन धनराज, वय तीस. बाबा टीव्हीसमोरून उठून गॅलरीत गेले होते, स्ट्रोक बघवत नव्हते म्हणून. त्यानंतर काय व्हावं? पदकानंतरच्या निवडीत धनराजसह काही सीनियर खेळाडू बाहेर! खेळाडूंच्या मानधनाबद्दल तो उघड बोलला होता, त्याच्याशी अनेकांनी याचा संबंध जोडला. तिशीतल्या खेळाडूला बाहेर बसवायचं असलं की 'विश्रांती' आणि 'तरुणांना संधी' हे दोन शब्द नेहमी हाताशी असतात. कॉर्पोरेटमध्ये यालाच 'टीम रिस्ट्रक्चरिंग' म्हणतात.

तो परत आला. २००० ला सिडनी खेळला. आणि २००२ ला कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत, जगातल्या सहा सर्वोत्तम टीममधून, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? चौतीस वर्षांचा हा फॉरवर्ड. वरचा तो कर्व्ह आठवा. फॉरवर्डची बत्तिशीनंतर उतरण, असं आकडे म्हणतात. अर्थात ते आकडे बर्फावरच्या हॉकीचे, आणि कर्व्ह म्हणजे सरासरी. पण धनराजला ती सरासरी कुणी सांगितली नव्हती.

यात एक टेक्निकल गंमत आहे, जी मला अलीकडं कळली. तेव्हाची मॅच पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन हाफची. मनात येईल तेव्हा खेळाडू बदलायची सोय १९९० च्या दशकात आली, पण आपल्याकडं सवय जुनीच. फॉरवर्ड बराच वेळ मैदानावर. २०१४ नंतर पंधरा मिनिटांचे चार भाग आले, आणि आज इंटरनॅशनल हॉकी बघाल तर फॉरवर्ड पाच-सात मिनिटं तुफान पळतात आणि बाकावर येतात, पुन्हा आत. म्हणजे आपली मातीतली हॉकी हळूहळू बर्फावरच्या हॉकीसारखी शिफ्टमध्ये खेळायला लागली! वेग वाढला, झटक्याचं इंजिन महाग झालं. आजच्या या खेळात छत्तिशीतला फॉरवर्ड टिकेल का? माझं प्रामाणिक मत: अवघड आहे. आमच्या टीममधले एक काका, वय अठ्ठावन्न, हे ऐकून जाम चिडले. ''धनराजला पाच मिनिटं पळून दोन मिनिटं बसायला दिलं असतंत, तर तो पन्नाशीपर्यंत खेळला असता!'' त्यांच्याही म्हणण्यात पॉइंट आहे. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत त्रेचाळिसाव्या वर्षी धनराज कर्नाटक लायन्सकडून उतरलाच होता.

छत्तिसाव्या वर्षी ऑलिंपिक खेळलेला दुसरा भारतीय हॉकीवाला तर ताजा आहे. पी. आर. श्रीजेश, पॅरिस २०२४. ब्रिटनविरुद्धच्या क्वार्टर फायनलमध्ये टीम बराच वेळ दहा जणांवर खेळली, शूटआऊटपर्यंत गेली, आणि गोलमध्ये हा भिंतीसारखा उभा. ब्राँझ घेऊन रिटायर झाला. अर्थात तो गोलकीपर. कर्व्ह त्याच्या बाजूनं. आणि हो, सचिननं ग्वाल्हेरला वनडेतलं ते द्विशतक मारलं तेव्हा, फेब्रुवारी २०१० मध्ये, तोही छत्तिसाचाच होता. दिवसभर बॅटिंग करून शेवटी एकेरी-दुहेरी पळत होता. माझी आजी ती मॅच बघताना म्हणाली होती, ''बसव रे त्याला कुणीतरी.''

उलट उदाहरणही आहे, आणि ते आपल्यासारख्या नोकरदारांनी ऐकण्यासारखं. मुंबईचा विरेन रस्किन्हा. अथेन्समध्ये धनराजच्याच टीममध्ये होता, पुढं भारताचा कॅप्टनही झाला. हाफची जागा, म्हणजे माझीच म्हणा ना. आणि कळसाच्या वयात, सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यानं हॉकी सोडून हैदराबादच्या आयएसबीत एमबीएला प्रवेश घेतला. नंतर ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट चालवून दुसऱ्यांच्या पदकांसाठी राबला. शरीर तयार असतानाही माणूस थांबतो, तेव्हा ते वयामुळं नसतं. पुढं काय, या प्रश्नामुळं असतं. बाबांनी स्टिक माळ्यावर टाकली तेव्हा त्यांचं शरीर थकलं होतं का? मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ''थर्ड शिफ्ट करून कोण पळतंय रे.'' मग थोड्या वेळानं, ''पळता आलं असतं तसं.''

सरांची ऑफर

पुढच्या रविवारी सरांनी मला बाजूला घेतलं. सर कुठल्या मोठ्या टीमचे कोच वगैरे नाहीत, पण चाळीस वर्षं मैदानावर आहेत.

''हाफला तो पोरगा खेळेल,'' ते म्हणाले.

''बरं, सर.''

''बरं काय? तू मागं ये. डीप डिफेन्सला.''

मी गप्प. हाफबॅकला मागं पाठवणं म्हणजे सेल्सच्या माणसाला ऑडिटमध्ये टाकणं.

''तुझे पाय गेलेत पाच टक्के,'' सर म्हणाले. ''पण बॉल कुठं येणार ते तुला त्या पोराच्या आधी दोन सेकंद कळतं. ते दोन सेकंद मला मागं पाहिजेत. आणि आठवड्यातून दोनदा पळायचं. रमतगमत नाही. झटके मारायचे, थांबायचं, परत मारायचे. फक्त रविवारी येऊन फिट होत नाही कुणी, जखमी होतं.''

यागरबद्दल मी वाचलं होतं ते मला तिथं आठवलं. तो पूर्वीसारखा वेगवान राहिला नव्हता. पाठ आणि कंबर मधे घालून पक असा झाकायचा की पंचविशीतली पोरं त्याच्याभोवती घिरट्या घालत बसायची. आणि रात्री सगळे गेल्यावर अंगात वजनाचं जाकीट घालून एकटा सराव करायचा. म्हणजे शरीर जे देत नाही ते डोक्यानं भरून काढायचं, पण डोक्याला तेवढा वेळ मिळावा म्हणून शरीरही राखायचं. दोन्ही लागतं. नुसता अनुभव घेऊन मैदानावर गेलात तर तुम्ही फक्त उत्तम प्रेक्षक असता.

मग सुरू झाली माझी मंगळवार-गुरुवारची पहाट. पावणेसहाला उठायचं, मुलीची झोप मोडू न देता शूज हातात घेऊन जिना उतरायचा (गुडघे मात्र तिसऱ्या मजल्यापासून वाजायला लागतात), आणि काळेवाडीच्या पुलावरून पवना ओलांडून पिंपरीकडं हळूहळू पळायचं. त्या वेळी पुलावर दूधवाले, नाइट शिफ्टहून परतणारे कामगार आणि आमच्यासारखे उशिरा जागे झालेले असतात. मग पलीकडं गेल्यावर वीस सेकंद झटका, चाळीस सेकंद चाल. दहा वेळा. पहिल्या दिवशी चार झाले आणि मी एका बंद टपरीच्या फळीवर बसलो. टपरीवाला आला, शटर उघडता उघडता म्हणाला, ''साहेब, चहाला वेळ आहे अजून.''

तिसऱ्या आठवड्यात पोटरी धरली. विशीत असताना दोन दिवसांत सुटायची, या वेळी बारा दिवस लागले. वय कुठं दिसतं म्हणाल तर इथं दिसतं. पळण्यात नाही, सावरण्यात. सरावाला मी तेवढाच वेळ देतो, पण दोन सरावांच्या मधला वेळ आता तरुणपणीपेक्षा मोठा ठेवावा लागतो. आणि झोप! रात्री साडेअकराला अमेरिकेचा कॉल, पहाटे पावणेसहाला पळणं, हे गणित जमत नाही. मॅनेजरशी बोलून मंगळवार-गुरुवारचे आधीचे कॉल बदलून घेतले. अप्रेझलवर काय परिणाम होतो ते मार्चमध्ये कळेल.

एका शनिवारी मुलीला घेऊन नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर गेलो. पॉलिग्रासचं आपल्या पिंपरीतलं मैदान. डिसेंबर २०२१ मध्ये सीनियर पुरुषांची नॅशनल इथं झाली होती. शाळेतली पोरं-पोरी सराव करत होती. काही मुलींच्या हातांतल्या स्टिका त्यांच्या खांद्यापर्यंत येत होत्या. मुलगी म्हणाली, ''बाबा, बर्फावरचे असेच खेळतात?'' मावसकाकाचे व्हिडिओ तिनं पाहिलेत. मी तिला लडाखच्या मुलींचं सांगितलं. तिकडं हिवाळ्यात तळी गोठली की जेमतेम दोन-तीन महिने सराव मिळतो. त्यातूनही आपल्या मुलींनी २०२५ मध्ये आशिया कपात ब्राँझ आणलं. ती म्हणाली, ''मग बाकीचे नऊ महिने त्या काय करतात?'' मला तिच्यापेक्षा चांगला प्रश्न सुचला नाही. आपल्याकडं तर बारा महिने मैदान उघडं आहे.

जानेवारीच्या टुर्नामेंटआधी पुन्हा बीप टेस्ट झाली. मी नवव्या लेव्हलला थांबलो. बाळीवाला बारावीला. साखरेचा आकडा तीन महिन्यांनी ५.८. डॉक्टरीणबाई ''चालू ठेवा'' एवढंच म्हणाल्या. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ''माळ्यावरची माझी स्टिक आहे अजून, बघ, ग्रिप नवी करावी लागेल.'' ग्रिप खडकी बाजारातून आणली. स्टिक जुनी, लाकडी, जड. मॅचला चालायची नाही, पण पुलावर पहाटे झटके मारताना हातात धरतो. कुत्री लांब राहतात.

पहिली मॅच. मी मागं, डीपला. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा सेंटर फॉरवर्ड आमच्या सगळ्यांना गुंडाळून डाव्या बाजूनं सुटला. बावीस-तेवीसचा असेल, वारा नुसता. त्याच्याशी पळण्यात अर्थच नव्हता. पण तो उजवीकडं वळणार हे मला त्याच्या खांद्यावरून दिसलं, आणि मी आधीच तिथं जाऊन स्टिक खाली टाकून उभा राहिलो. बॉल येऊन माझ्या स्टिकला लागला, जसा काही मीच मागवला होता.

समोरून बाळीवाला हात वर करून ओरडत होता, ''काका, इकडं! काका!''

मी पास दिला.